धरणाच्या पोटातले घर

लिहून ठेवणार: गिरिजा राजाराम वायंगणकर, वय शहात्तर, सेवानिवृत्त नकाशाकार, राहणार ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला, बार्कर धरणाच्या पोटात. शेजारीपाजारी पत्ता सांगताना कॉलनीचे नाव सांगतात. मी धरणाचे सांगते, कारण हा कागद खरे लिहिण्यासाठी आहे.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. पासष्टला ते "दॅट्स इनफ" म्हणाले, मी दोनापर्यंत जाऊन थांबले. मी रागावलेली आहे, पण राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असे माझी वकील नेत्रा हिने मला सांगितले आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीला भुलून करत नाही. लाडीगोडी भरपूर झाली. ती कोणी केली ते पुढे येईलच. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, विशेषतः २०१९ सालचे, रद्द समजावीत.

मला मूलबाळ नाही. माझे पती राजाराम जानेवारी २०१८ मध्ये वारले. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा सत्यजित हा रियल इस्टेट एजंट असून याच शहरात राहतो. त्याची मुलगी स्वानंदी, वय सव्वीस, मला आजी म्हणते. माझ्या मागे घरची माणसे एवढीच.

कलम पहिले : देह

दहन इथेच करावे. रक्षा समुद्रकाठच्या गॅल्व्हेस्टन शहराच्या पलीकडे, जिथे जहाजे आत शिरण्याआधी, जहाज बंदरात नेणाऱ्या पायलटची वाट पाहत नांगर टाकून उभी असतात, तिथे सोडावी. नाशिकला कोणी नेऊ नये, कारण नेणारा सत्यजितच असेल आणि तो गोदावरीच्या काठावरून फोटो टाकेल. शोकसभा झालीच तर तिच्यात सत्यजितने बोलू नये. तो फार छान बोलतो, म्हणूनच ही अट आहे.

कलम दुसरे : हत्यारे

माझी शाईची सात पेने, अक्षरे कोरण्याची पट्टी, पितळी समांतर पट्टी आणि हस्तिदंती मुठीचे भिंग मी ज्या सर्वेक्षण कंपनीत एकतीस वर्षे काम केले, तिथे आज माझ्या जागी बसणाऱ्या मुलीला द्यावे. ती सगळे पडद्यावर करते, तिला यातले काही लागणार नाही. तरी तिने एकदा भिंगातून माझा १९८३ सालचा नकाशा पाहावा.

काम असे होते. सर्वेक्षणाची बोट शिप चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांसाठी खणलेल्या कालव्यात, आडव्या रेघा मारत फिरे आणि तळ किती खोल आहे ते मोजत जाई. ते आकडे मी कागदावर उतरवीत असे, मुंगीएवढे आकडे, एका कागदावर चार-चार हजार. एक आकडा चुकला तर तेलाने भरलेले जहाज गाळात बसायचे. माझा आकडा एकतीस वर्षांत चुकला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढच्या मूर्खपणाची किंमत कळावी म्हणून सांगते.

माझे माहेर आचऱ्याचे. माझे आजोबा सांगत की आमच्या खाडीत मोठी गलबते येत. मी लहान असताना ओहोटीला आम्ही मुली परकर वर धरून पलीकडे चालत जात असू. गाळाने गिळलेले बंदर बघून मी १९७४ साली इथे आले, तर इथे उलटा प्रकार. हे शहर समुद्रापासून पन्नास मैल आत. याला बंदर व्हायचा काडीचा अधिकार नव्हता. एक आळशी ओढा होता, तो यांनी खणला, खणला, खणतच राहिले, आणि आज जगातली अगडबंब जहाजे गवताळ माळामधून चालल्यासारखी दिसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी राजारामांचा हात धरून उभी राहिले होते. धरायला तो हात आता नाही, आणि त्याचा हिशेब मी पुढे मागणार आहे.

कलम तिसरे : इतिहासाची वही

'खणलेले शहर' या नावाचे माझे ४१२ पानांचे हस्तलिखित पुस्तक आहे. ते माझ्या शिलकीतून छापावे, एकही ओळ न गाळता. त्याचे इंग्रजी माणसाकडून करून घ्यावे, मशीनकडून नव्हे. कारण पुढे दिले आहे.

या शहराचा स्वभाव ज्याला कळला नाही त्याला माझे मृत्युपत्रही कळणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. १८३६ साली न्यूयॉर्कचे दोन भाऊ इथे आले, त्यांनी चिखलाचा तुकडा घेतला आणि वर्तमानपत्रात जाहिरात दिली की इथली जमीन उंचावर आहे, हवा निरोगी आहे, समुद्राचा वारा येतो. लोक घरदार विकून आले. आल्यावर डास चावले, तापाने पटापट माणसे गेली. उरलेली मात्र परत गेली नाहीत, कारण परत जाऊन सांगायचे काय? १९०० च्या वादळाने गॅल्व्हेस्टनमध्ये हजारो माणसे मेली. शेजाऱ्याच्या घरी सुतक असताना या शहराने सरकारला सांगितले की बघा, आम्ही म्हणत होतो, बंदर आतच बरे. १९१४ साली वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांनी बटण दाबले आणि इथे तोफ उडाली, चॅनल खुला झाला. मग तेल आले. रिफायनऱ्या आल्या. राजाराम त्यातल्याच एका रिफायनरीत केमिकल इंजिनीयर होते. घरी येत तेव्हा त्यांच्या शर्टाला जो वास येई, त्याला इथले लोक पैशाचा वास म्हणतात.

मला हे शहर आवडते, हेही लिहून ठेवते. ते निर्लज्ज आहे, पण दार लावून घेत नाही. साडी नेसून बोटीवर चढणाऱ्या बाईला इथे कोणी दोनदा वळून पाहिले नाही. कुठे काय बांधावे याचा नियम नाही, देवळाला लागून टायरचे दुकान आणि त्याला लागून बाळंतपणाचा दवाखाना. अजूनही चॅनल रुंद करण्याचे काम सुरू आहे आणि अजूनही दर आठवड्याला कोणाची तरी गृहशांत असते. फक्त एक खोड या शहराला पहिल्यापासून आहे. विकताना मोठ्या अक्षरात विकते आणि पाण्याचे बारीक अक्षरात लिहिते.

पुस्तकातले नववे प्रकरण धरणांचे. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर शहर वाचवायला पश्चिमेला दोन मातीची धरणे बांधली. एरवी ती कोरडी असतात. खूप पाऊस झाला तरच भिंतीमागे पाणी अडवतात. पाणी पूर्ण चढले तर जिथवर पोचेल, तिथवरची सगळी जमीन सरकारने घेतली नाही. जो पट्टा राहिला त्यात आधी भात पिकला, मग गुरे चरली, मग आमच्यासारखी माणसे राहायला आली.

२०१२ साली आमच्या मराठी मंडळाने हा इतिहास स्मरणिकेत छापायला मागितला. मुख्य प्रायोजक सत्यजित होता. तेव्हाचे अध्यक्ष अंकुर यांचा मला फोन आला, "काकू, बाकी सुपर्ब आहे, पण ते डॅमचं चॅप्टर थोडं निगेटिव्ह वाटतंय यार. फॅमिली ऑडियन्स आहे." मी आमच्या कॉलनीचा नकाशा तोवर पाहिलेला नव्हता, भिंतीच्या कुठल्या बाजूला मी राहते हे मला ठाऊक नव्हते. मी म्हटले, बरे, गाळा. म्हणजे नववे प्रकरण गाळण्यात माझाही हात आहे. मुलांसाठी इंग्रजी सारांश हवा म्हणून त्यांनी उरलेला मजकूर मशीनला दिला. मशीनला तो हिंदी वाटला. त्यामुळे चौदा पानांत बंदराचे माकड झाले, जहाजे माकडाला लागली, १९१४ साली अध्यक्षांनी माकडाचे उद्घाटन केले, आणि आतल्या पानावर एक लालतोंड्या वानराचा रंगीत फोटो आला. माझी कोणी माफी मागितली नाही. सबब मंडळाला मी एक कापडी माकड देत आहे. ते कपाटात तयार आहे. मंडळाने ते गणपतीच्या मखराशेजारी ठेवावे.

कलम चौथे : घर कसे घेतले

घर २००८ साली घेतले. तारीख ९ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा. दाखवले सत्यजितने, किंमत ठरवली सत्यजितने, मुहूर्तही त्यानेच काढला. मालकीचे कागद करणाऱ्या टायटल कंपनीच्या ऑफिसात दुपारी एक वाजता सह्यांसाठी बोलावले होते. कागदांचा गठ्ठा वीतभर उंच. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले, कारण मला दुसरी रीत माहीत नाही.

दहा मिनिटांनी सत्यजित राजारामांच्या कानाशी लागला. मग मला म्हणाला, "काकू, हे सगळं स्टँडर्ड असतं, कोणी वाचत नाही. आणि दीडला राहुकाळ लागतो, काकांना विचार."

राजाराम इंजिनीयर होते, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर त्यांची श्रद्धा फार. ते म्हणाले, "गिरिजा, सही कर. घरच्या मुलाचे कागद काय वाचायचे?"

या वाक्याला आपल्यात उत्तर नाही. परक्याचे कागद वाचले तर आपण हुशार, घरच्याचे वाचले तर संशयी. मी सह्या केल्या. शेवटची सही एक वाजून चोवीस मिनिटांनी झाली. गठ्ठ्यातला सर्वांत शेवटचा कागद कॉलनीचा नकाशा होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत टीप होती की ही जमीन धरणाच्या साठ्याला लागून असून प्रसंगी बराच काळ पाण्याखाली राहू शकते. ज्या बारीक अक्षरांवर मी एकतीस वर्षे पोट भरले, त्यांतली ही एक ओळ मी वाचली नाही.

ऑगस्ट २०१७ च्या वादळात पाऊस थांबल्यावरही आमच्या अंगणात पाणी चढत राहिले. वरून नाही, मागच्या गवतातून, आवाज न करता आले. घरात तीन फूट दोन इंच झाले आणि नऊ दिवस राहिले. आम्हाला बाहेर काढले ते मिस्टर ट्रान यांनी. ते खाडीत कोळंबी पकडणारे व्हिएतनामी गृहस्थ, आपली लहान बोट ट्रकवर घालून साठ मैल आले होते. त्यांनी त्र्याहत्तर वर्षांच्या राजारामांना लहान मुलासारखे उचलून बोटीत ठेवले आणि नाव विचारायच्या आत पुढच्या घराकडे गेले. ते नाव मी नंतर चार महिने शोधून काढले.

सत्यजित चौथ्या दिवशी आम्हाला भेटायला आला. येताना सामोसे आणले. राजाराम त्याला एवढेच म्हणाले की अरे, हे धरणात आहे हे तुला माहीत होते का. त्यावर तो म्हणाला, "काका, मी तर म्हटलं होतं आरामात वाचून करू. घाई तुमचीच होती ना, राहुकाळाची."

राजारामांनी ते खरे मानले. त्यांनी त्या दिवसापासून जेवण कमी केले. लोकांना आम्ही किडनी सांगितली, आणि किडनी होतीच. पण शेवटच्या आठवड्यात ते माझा हात धरून म्हणाले, "गिरिजा, माझ्या राहुकाळाने तुला बुडवलं." मी म्हटले, असे काही नाही. माझे खोटे बोलणे त्यांना ओळखू येई.

ते गेल्यावर तीन महिन्यांनी मी गणित मांडले. कॅलेंडरातला दीड ते तीनचा राहुकाळ हा सूर्य सहाला उगवतो असे धरून छापलेला असतो. त्या दिवशी ह्यूस्टनला घड्याळाप्रमाणे सूर्य सात अठराला उगवला. दिवसाचे आठ भाग करायचे, गुरुवारी त्यातला सहावा. इथला राहुकाळ दोन पस्तीसला लागला. म्हणजे माझ्या शेवटच्या सहीनंतर एक तास अकरा मिनिटे हातात होती. तेवढ्यात मी तो गठ्ठा वाचून संपवला असता. शिवाय दसरा साडेतीन मुहूर्तांतला, त्या दिवशी राहुकाळ पाहायचा नसतो हे आचऱ्याचे भटजीसुद्धा सांगत. हे गणित मी नवरा जिवंत असताना केले नाही. ती चूक माझी आहे आणि ती मी कोणाच्या नावावर करत नाही.

पुढचे मात्र सत्यजितच्या नावावर आहे. तीन वर्षांपूर्वी स्वानंदी वडिलांचे ऑफिस हलवायला मदत करत होती. तिला आमच्या व्यवहाराची फाइल सापडली. ती तडक माझ्याकडे आली, चप्पलही न काढता. म्हणाली, "आजी, प्लीज बस आधी. हे बाबांचं हँडरायटिंग आहे." नकाशाच्या प्रतीवर त्या टिपेला पिवळी खूण केलेली होती आणि बाजूला पेन्सिलने लिहिले होते: काकू मॅप वाचते. हा पेपर लास्ट ठेवणे.

तो कागद आज बँकेच्या लॉकरमध्ये आहे. त्याची प्रत परिशिष्ट म्हणून जोडली आहे.

कलम पाचवे : घर कोणाला जाऊ नये

घर दुरुस्त करून मी त्यात परत राहायला आले तेव्हा लोकांना वाटले म्हातारी हट्टी आहे. हट्टी आहेच. पण मी ते विकले असते तर दुसरी कोणीतरी गिरिजा त्यात राहायला आली असती. मी जिवंत आहे तोवर ती येणार नाही एवढे मी बघत होते.

गेल्या ऑक्टोबरात मी पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सत्यजितला मी त्या कागदाचे अजून कळू दिले नव्हते, नातेवाईक म्हणून झाडांना पाणी घालायला किल्ली त्याच्याकडेच दिली होती. त्यानंतर दिवाळीच्या फराळाला मंडळात एक मुलगी माझ्या पाया पडली. कादंबरी तिचे नाव, पुण्याची, नवरा ऋषी आयटीत, सहा महिन्यांचे बाळ कडेवर. म्हणाली, "काकू, तुमचं किचन किती ब्राइट आहे. आम्हाला फार आवडलं. सत्यजितदादा म्हणाले नेक्स्ट इयर कदाचित अव्हेलेबल होईल."

मी विचारले, तू माझे किचन कधी पाहिलेस?

तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला माहीत नव्हतं? सॉरी काकू. आम्ही फ्लडचं पण विचारलं त्यांना. ते म्हणाले, काकू स्वतः पाण्याचे मॅप काढायच्या, सतरा वर्षं तिथे राहतायत, अजून काय गॅरंटी पाहिजे?"

त्या दिवशी मला कळले की माझ्या कॉलनीतल्या आणखी नऊ मराठी घरांनी कोणाच्या भरवशावर सह्या केल्या. मी एकेकाला फोन करून विचारले. नऊपैकी सात जणांना सत्यजितने हेच वाक्य ऐकवले होते, वर्षांचा आकडा तेवढा बदलून. सातही घरांत पाणी गेले. माझ्या न चुकलेल्या आकड्यांची त्याने जाहिरात केली होती. नवरा गेला तेव्हा मला रडू आले होते. यावेळी नुसता संताप आला आणि तो अजून आहे.

मी नेत्राकडे गेले. म्हटले, आता तर कायदा आहे ना, घर विकताना पूर येऊन गेला हे लिहून द्यावे लागते? ती म्हणाली, "मावशी, तुम्ही विकलंत तर लागतं. तुमच्या मागे इस्टेटमधून सेल झाला तर तो फॉर्म कंपल्सरी नाही. बरेच लोक भरतच नाहीत." सत्यजितला हे ठाऊक आहे. म्हणून तो मी असताना घर विक म्हणत नाही, नुसती तब्येतीची चौकशी करतो.

कलम सहावे : घर कोणाला जावे

माझे राहते घर, जमिनीसह, सामानासह, जेवणघराच्या भिंतीवर मी रंगाखाली न झाकलेल्या तीन फूट दोन इंचांच्या पाण्याच्या रेघेसह, मी माझा पुतण्या सत्यजित याला देत आहे. पूर्ण मालकीने. त्यात राहण्याची अट नाही, विकण्यास मनाई नाही.

हे वाचून त्याला बरे वाटेल. त्याला एक मिनिट बरे वाटू द्यावे, मग पुढचे वाचून दाखवावे.

शिप चॅनल अरुंद आहे. समोरासमोर येणारी दोन मोठी जहाजे तिथे एकमेकांच्या नाकावर सरळ चालून जातात, आणि अगदी जवळ आल्यावर दोघेही थोडे-थोडे बाजूला वळतात. इथले पायलट याला टेक्सास चिकन म्हणतात, चिकन म्हणजे भित्रा. दोघांनी वळायचे असते, हे त्यात गृहीत आहे. सतरा वर्षे मी नातेवाईक म्हणून वळत आले, सत्यजितला वळायची सवयच लागली नाही. आता मी सुकाणू बांधून ठेवले आहे.

२ फेब्रुवारी २०२६ रोजी मी काउंटीच्या दप्तरात या घराच्या नोंदीला एक प्रतिज्ञापत्र जोडले आहे. ते आता निघत नाही. हे घर जो कोणी विकत घ्यायला जाईल त्याच्या टायटल शोधात ते सर्वांत आधी समोर येईल. मजकूर मी स्वतःच्या हाताने, अर्ध्या इंचाच्या अक्षरांत, आधी इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिला आहे. तो असा:

हे घर धरणाच्या आत आहे. २०१७ साली यात तीन फूट दोन इंच पाणी नऊ दिवस होते. पुन्हा येऊ शकते. हे घर मला माझा पुतण्या सत्यजित वायंगणकर याने २००८ साली हे माहीत असताना विकले. त्याच्या हस्ताक्षराचा पुरावा सोबत आहे. घाई करू नका, सावकाश वाचा. आजचा राहुकाळ काय वाटेल तो असो.

सत्यजितला घर नको असेल तर ते नाकारायचा त्याला हक्क आहे. नाकारणे लेखी असावे, त्यात कारण त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि तो कागदही याच नोंदीला जोडावा. तसे झाल्यास घर पाडून टाकावे आणि जमिनीवर गवत उगवू द्यावे. घेतले तरी आणि टाकले तरी त्याला एकदा मोठ्या अक्षरात खरे लिहावे लागेल. त्याने कधी हात जोडून माफी मागितली असती तर मी हे कलम लिहिले नसते. त्याने सामोसे आणले.

कलम सातवे : उरलेले

बँकेतल्या शिलकीतून पुस्तकाचा खर्च वजा जाता जे राहील ते मिस्टर ट्रान यांना द्यावे. ते नको म्हणतील. तेव्हा त्यांना सांगावे की बोटीचे इंजिन जुने झाले आहे, हे मी स्वतः ऐकले आहे.

दागिने: पाटल्या, बांगड्या, मोहनमाळ आणि राजारामांची अंगठी. २०१९ च्या मृत्युपत्रात हे सगळे आणि घरही मी स्वानंदीला दिले होते. आता तिला काही देत नाही. तिच्यावर माझा राग नाही, उलट या घराण्यातले माझे माणूस तेवढेच आहे, म्हणून झाले ते जसेच्या तसे लिहिते.

मागच्या रविवारी मी तिला मसुदा वाचायला दिला. तिला मराठी बोलता येते, वाचायला वेळ लागतो. दोन तास ती जेवणाच्या टेबलाशी बोट ठेवून वाचत होती. एका शब्दाला अडली की मला विचारी. "आजी, सबब म्हणजे एक्स्क्यूज ना?" मी म्हटले, इथे 'म्हणून' असा अर्थ. सहावे कलम तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मी तिला सांगितले की तुझे दागिने सातव्या कलमात आहेत, ते आधी वाच. तिने वाचले नाही. विचारले, "साक्षीदार कोण आहेत?"

मी म्हटले, एक मालिनी, समोरच्या घरातली. दुसरे नाव अजून ठरायचे आहे. मंडळातले सगळे सत्यजितला घाबरतात, अर्ध्यांची घरे त्याच्यामार्फतच विकायची आहेत.

"मी करते."

मी तिला समजावले की इथल्या कायद्याने साक्षीदाराला हिस्सा घेता येत नाही. सही केली की पाटल्या, मोहनमाळ, सगळे गेले. आणि हे कोर्टात वाचले जाईल तेव्हा बापाच्या विरुद्धच्या कागदावर लेकीचे नाव असेल. तू अजून त्याच्या घरी राहतेस, त्याच्या ताटात जेवतेस.

ती म्हणाली, "आय नो. दागिने दुसऱ्या कोणाला दे. बाबा म्हणतील की म्हातारीचं डोकं फिरलं होतं, पेन्सिलचं ते तिनेच लिहिलं. तो पेपर मला मिळाला होता, आजी. दुसरं कोणी साइन केलं तर ते फक्त तुझं वर्ड राहील." मग रडली, आणि रडतच म्हणाली, "तो माझा बाबा आहे यार."

मी तिला नको म्हटले. तीनदा म्हटले. हा माझा सूड आहे, त्याची झळ तिला लागू नये असे मला मनापासून वाटत होते. ती ऐकेना. शेवटी मी तिचे नाव लिहून घेतले, कारण तिचे म्हणणे बरोबर होते आणि माझ्याजवळ दुसरा साक्षीदार नव्हता. सत्यजितने माझ्याकडून नवरा घेतला. या सहीने मी त्याच्याकडून काय घेते आहे ते मला कळते, आणि तरी मी ती घेत आहे. वाईट वाटते, हेही लिहून ठेवते.

दागिने कादंबरीच्या बाळाला द्यावेत. ती मुलगी आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी नेत्राने करावी. वर लिहिलेले सर्व मी दिवसाढवळ्या, दोन्ही साक्षीदारांसमोर, प्रत्येक पान वाचून आणि प्रत्येक पानावर आद्याक्षरे करून मान्य केले आहे. या कामाला मुहूर्त पाहिलेला नाही.

ठिकाण: ह्यूस्टन, टेक्सास
दिनांक: १४ मार्च २०२६

(सही) गिरिजा राजाराम वायंगणकर

आमच्या समक्ष लिहून देणारीने सही केली. आम्ही तिच्या समक्ष व एकमेकींच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: (सही) मालिनी
नाते: शेजारीण
हिस्सा: नाही

साक्षीदार दुसरी: (सही) स्वानंदी सत्यजित वायंगणकर
नाते: सहाव्या कलमातल्या सत्यजित यांची मुलगी
हिस्सा: नाही